स्नायूंची ताकद कमी झालीय, निदान अजून व्हायचंय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केस विंचरताना हात मध्येच खाली येतो, जिना चढताना कठड्याला धरावं लागतं, आणि डॉक्टर म्हणतात, ‘अजून दोन तपासण्या करू, मग बोलू.’ या मधल्या काळात जे प्रश्न पुन्हा पुन्हा पडतात ते इथे एकत्र केले आहेत. निदान करणं हे तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांचं काम; इथली उत्तरं वाट पाहण्याच्या दिवसांसाठी आहेत.

पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच कधी जायचं?

श्वास आणि गिळणं या दोन गोष्टी सगळ्यात आधी. आडवं झाल्यावर दम लागतो, उशा वाढवाव्या लागतात, एका श्वासात पूर्वीइतकं बोलणं होत नाही, खोकल्यात जोर राहिला नाही, पाणी पिताना ठसका लागतो किंवा ते नाकातून परत येतं, मान सावरत नाही, यातलं काहीही नव्याने सुरू झालं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजनचा आकडा चांगला दिसतोय म्हणून थांबू नका. श्वासाचे स्नायू थकत असतील तर तो आकडा फार उशिरा घसरतो.

चेहऱ्याची एक बाजू, एक हात किंवा बोलणं अचानक गेलं तर पक्षाघात समजूनच धावायचं. पायांपासून सुरू झालेला अशक्तपणा तासागणिक, दिवसागणिक वर चढत असेल, आणि आधीच्या काही आठवड्यांत ताप, सर्दी किंवा जुलाब झाले असतील, तर जीबीएस म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोमची (यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते) शक्यता तातडीने तपासावी लागते. लघवी तुंबणं किंवा नकळत होणं, बसायच्या जागी बधिरपणा येणं ही मज्जारज्जू किंवा कमरेतल्या नसा दाबल्या गेल्याची खूण असू शकते. स्नायू खूप दुखत असताना लघवी गडद तपकिरी झाली तर मूत्रपिंडांना धोका असतो, तिथेही उशीर नको.

मला नुसता थकवा आहे की खरंच ताकद गेलीय, हे कसं ओळखायचं?

सगळ्या पानातला सगळ्यात कामाचा प्रश्न हाच, म्हणून याचं उत्तर लांब आहे.

‘अशक्तपणा आलाय’ हे वाक्य डॉक्टर रोज ऐकतात आणि त्यातून त्यांना जवळजवळ काहीच कळत नाही. झोप नीट न होणं, रक्त कमी असणं, नैराश्य, हृदयाचा त्रास, नुकताच होऊन गेलेला ताप, या सगळ्यांत माणूस हेच वाक्य बोलतो. थकलेला माणूस जिना चढतो आणि वर जाऊन मटकन बसतो. ताकद गेलेला माणूस पायरीवर पाय ठेवतो, जोर लावतो, आणि गुडघा शरीराला वर उचलतच नाही. दुखतंय म्हणून हात उचलायचं टाळणं हा तिसरा प्रकार. पन्नाशीनंतर सकाळी खांदे आणि कंबर आखडून जाणाऱ्या पॉलिमायल्जिया ऱ्हुमॅटिका या आजारात लोक ‘ताकदच नाही’ म्हणतात, पण दुखणं बाजूला ठेवून तपासलं तर स्नायू बहुधा शाबूत असतात.

म्हणून ‘कसं वाटतं’ यापेक्षा ‘काय जमत नाही’ हे सांगा. वरच्या फळीवरचा डबा काढता येत नाही, कमी उंचीच्या खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकावे लागतात, जमिनीवरून उठताना आधी गुडघ्यांवर, मग मांड्यांवर हात टेकत टेकत उभं राहावं लागतं, हे खांद्यांच्या आणि कमरेजवळच्या स्नायूंचं लक्षण. (या शेवटच्या प्रकाराला गॉवर्सची खूण म्हणतात. ब्रिटिश डॉक्टर विल्यम गॉवर्स यांनी १८७९ मध्ये स्नायूंच्या आजारात तिचं वर्णन केलं.) शर्टाचं वरचं बटण लागत नाही, कुलपात किल्ली फिरत नाही, चालताना चप्पल पायातून निसटते आणि ते कळतही नाही, चवडा जमिनीला घासतो, हे टोकाच्या स्नायूंचं. ढोबळमानाने पहिला प्रकार स्नायूच्या आजाराकडे झुकतो आणि दुसरा नसेच्या. अपवाद आहेतच. इन्क्लूजन बॉडी मायोसायटिस हा साधारण पन्नाशीनंतरचा स्नायूंचा आजार, पण त्यात बोटांची पकड आणि मांडीचा पुढचा भाग एकाच वेळी ढिला पडतो.

आणखी एक प्रकार वेळेनुसार बदलतो. सकाळी बरं असतं, संध्याकाळी पापणी खाली येते, एकाची दोन चित्रं दिसतात, जेवताना शेवटी शेवटी जबडा थकतो. थोडी विश्रांती घेतली की परत जमतं. नस आणि स्नायू जिथे जुळतात तिथला हा बिघाड असू शकतो. मायस्थेनिया ग्रॅव्हिस हे त्याचं सगळ्यात परिचित उदाहरण. त्यावर उपचार आहेत.

घरी रोज ताकद तपासून पाहिली तर?

रोज नको. आरशासमोर दोन्ही हात उचलून कुठला आधी खाली येतो ते बघणं, टाचांवर आणि चवड्यांवर चालून बघणं, दोन्ही मनगटं एकमेकांवर दाबून बघणं, हे बहुतेकांनी केलेलं असतं. त्यातून दोन गोष्टी होतात. स्नायू खरोखर दमतात, आणि दोन्ही बाजूंतला जन्मजात फरक पहिल्यांदाच लक्षात येऊन धडकी भरते. उजव्या-डाव्या पोटऱ्यांची जाडी सगळ्यांचीच तंतोतंत सारखी नसते, आपण कधी मोजलेली नसते इतकंच.

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी एखाद-दुसरी गोष्ट बघा. उदाहरणार्थ, हात छातीवर घडी करून त्याच खुर्चीतून सलग पाच वेळा उठायला किती सेकंद लागतात. जवळ कोणीतरी हवं. आकडा लिहा, वही मिटा.

डॉक्टरांना दाखवायला काय लिहून ठेवू?

एक पानभर पुरे. फाइलभर मजकूर दहा मिनिटांच्या भेटीत कोणी वाचत नाही. पहिल्यांदा कुठली गोष्ट अडली आणि कोणत्या महिन्यात, तिथून त्रास कुठे पसरला, वाढतोय, थांबलाय की कमी-जास्त होतो, सोबत मुंग्या, बधिरपणा, दुखणं, पेटके, अंगावर पुरळ आहे का. वरच्या पापण्यांवर जांभळट छटा किंवा बोटांच्या पेरांवर लालसर चट्टे असतील तर ते आवर्जून सांगा; ताकद कमी होण्याशी त्यांचा संबंध लोकांना सुचत नाही, पण डर्मॅटोमायोसायटिस या त्वचा आणि स्नायूंच्या दाहाच्या आजाराचं निदान अनेकदा त्वचेवरूनच सुरू होतं. जुने फोटो काढून बघा, पापणी किंवा चेहऱ्याची एक बाजू पूर्वीही तशीच होती का ते कळतं. शाळेत धावताना तुम्ही नेहमी मागे राहायचात का, घरात कोणाला असा त्रास होता का, आई-वडिलांचं नात्यात लग्न झालंय का, हे प्रश्न विचारले जातील.

येणारा-जाणारा त्रास मोबाइलवर चित्रित करून ठेवा. नेमकी भेटीच्या सकाळी पापणी ताठ उभी असते.

घेत असलेल्या सगळ्या औषधांची यादी न्या, त्यात गोळ्या, इंजेक्शनं, टॉनिक, ताकदीची चूर्णं, जिममधल्या पावडरी सगळं धरा. केस-नखांसाठी घेतलेल्या बायोटिनच्या मोठ्या मात्रेमुळे थायरॉइडच्या तपासणीचे आकडे चुकीचे येऊ शकतात, तेव्हा तेही लपवू नका.

कागदावर ‘४/५’ लिहिलंय. म्हणजे ८० टक्के ताकद उरली का?

नाही. ही टक्केवारी नाही. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, नसांच्या जखमा तपासण्यासाठी ही मोजपट्टी प्रचारात आणली. ० म्हणजे काहीच हालचाल नाही, १ म्हणजे स्नायू नुसता आवळल्याचं जाणवतं, २ म्हणजे वजन पेलायचं नसेल तर हालचाल होते, ३ म्हणजे स्वतःच्या अवयवाचं वजन उचलता येतं, ४ म्हणजे डॉक्टरांनी दाब दिला तरी काही प्रमाणात टिकतं, आणि ५ म्हणजे पूर्ण. यातली चौथी पायरी फारच रुंद आहे. किंचित कमी ताकद आणि बरीच कमी ताकद, दोन्ही तिथेच लिहिली जातात. एका डॉक्टरांनी ५ आणि दुसऱ्यांनी ४ लिहिलं म्हणून लगेच आजार वाढला असा अर्थ काढू नका. त्याच डॉक्टरांनी काही महिन्यांनी परत तपासून काय लिहिलं, त्याला जास्त किंमत.

मांस फडफडतंय. हा एएलएस तर नाही ना?

रात्री दोन वाजता मोबाइलवर शोधलेला प्रश्न, बहुतेकांचा. एएलएस म्हणजे हालचाल घडवणाऱ्या मज्जापेशी हळूहळू निकामी होत जाण्याचा आजार.

पोटरी, दंड, पापणी फडफडणं निरोगी माणसांत अगदी नेहमीचं आहे. जागरण, जास्त चहा-कॉफी, दमवणारा व्यायाम आणि चिंता यांनी ते वाढतं. नुसती फडफड आहे, पण ताकद शाबूत आहे आणि तपासणीत बाकी काही सापडत नाही, तर ती बहुधा निरुपद्रवी निघते. एएलएसमध्ये चिंतेची गोष्ट फडफड ही नसते. एखादं ठरावीक काम न जमणं, ते हळूहळू वाढत जाणं आणि स्नायू झडत जाणं ही असते. संवेदना त्यात सहसा शाबूत राहतात, म्हणून मुख्य तक्रार मुंग्या आणि बधिरपणाची असेल तर डॉक्टर आधी दुसरीकडे बघतात.

जगात दरवर्षी लाखामागे साधारण एक-दोन जणांना हा आजार नव्याने होतो. तुम्हाला ताकद कमी झाल्याची खरी लक्षणं असतील तर हा आकडा तुमच्यापुरता ढाल होत नाही, तपासणी करायलाच हवी. पण त्याच लक्षणांमागे थायरॉइड, मानेच्या मणक्यात दबलेला मज्जारज्जू, पोटॅशियमची घट, औषधांचा परिणाम, मायस्थेनिया, स्नायूंचा दाह अशी कितीतरी कारणं असतात आणि त्यातल्या बऱ्याच कारणांवर इलाज आहे. न्यूरोलॉजिस्ट इतक्या तपासण्या सांगतात त्या याचसाठी : इलाज असलेलं एकही कारण हातातून निसटू नये.

सीपीके वाढलंय (किंवा नॉर्मल आलंय). याचा अर्थ काय?

सीपीके, म्हणजेच सीके, हे स्नायूंच्या पेशींतलं विकर. पेशी दुखावल्या की ते रक्तात उतरतं. काही हजारांत गेलं असेल तर स्नायूच्या आजाराचा विचार जोर धरतो. पण थोडंफार वाढण्याला साधी कारणंही असतात : जड व्यायाम (त्यानंतर काही दिवस ते चढलेलं राहतं), दंडात घेतलेलं इंजेक्शन, पडणं-आपटणं, कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्या, थायरॉइड मंदावणं, ईएमजी (स्नायूत सुई घालून करायची तपासणी). म्हणून रक्त ईएमजीच्या आधी दिलेलं बरं, आणि त्याआधी चार-पाच दिवस जिम बंद.

उलट बाजूही आहे. सीपीके नॉर्मल आलं म्हणजे स्नायू ठीकच, असं नाही. मायस्थेनियात ते नॉर्मल असतं, दीर्घकाळ स्टिरॉइड घेऊन आलेल्या अशक्तपणातही सहसा नॉर्मल असतं.

एक गफलत वरचेवर होते. यकृताच्या तपासणीत मोजले जाणारे एसजीओटी आणि एसजीपीटी स्नायूंतूनही रक्तात येतात. ते वाढलेले दिसले की लोक महिनोन्‌महिने यकृताच्या मागे लागतात. यकृताची बाकी तपासणी चांगली असेल तर ‘एकदा सीपीके बघू का?’ असं विचारायला संकोच करू नका.

ईएमजी-एनसीव्ही फार दुखतं का?

एनसीव्हीमध्ये नसेवर विजेचे छोटे झटके देतात. बोट किंवा पाऊल आपोआप उडतं, विचित्र वाटतं, पण झटका क्षणाचा. ईएमजीमध्ये बारीक सुई स्नायूत घालतात आणि तुम्हाला तो स्नायू आधी सैल सोडायला, मग हळूहळू आवळायला सांगतात. यंत्रातून तडतड, खरखर ऐकू येते. स्नायू आवळल्यावर आवाज वाढणारच, त्यामुळे आवाजावरून आणि तपासणाऱ्यांच्या चेहऱ्यावरून निष्कर्ष काढू नका. दंड-मांडीत कमी दुखतं, तळहातात जास्त. दुसऱ्या दिवशी थोडं ठणकतं.

त्या दिवशी अंगाला तेल किंवा क्रीम लावू नका, हात-पाय उबदार ठेवा (गार कातडीवर नसेचा वेग कमी येतो), पेसमेकर असेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. मायस्थेनियाची गोळी चालू असेल तर ती त्या दिवशी घ्यायची की नाही हे विचारून घ्या.

पहिला ईएमजी नॉर्मल होता. परत का करायला सांगतात?

नस दुखावल्यावर सुईच्या तपासणीत बदल उमटायला दोन-तीन आठवडे जातात. फार लवकर केलेली तपासणी म्हणूनच कधी कोरी येते. शिवाय मायस्थेनियासाठी वेगळी चाचणी लागते, नेहमीच्या ईएमजीत ती धरलेली नसते. तरीही पुरेशा वेळाने आणि त्रास असलेल्याच स्नायूंची नीट केलेली तपासणी नॉर्मल आली, तर ती चांगली बातमी आहे. तिला चांगली बातमी म्हणून घ्यायला लोकांना जड का जातं कोण जाणे.

सगळे रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टर म्हणतात टेन्शन आहे. म्हणजे मी नाटक करतोय?

नाही. पण ‘टेन्शन आहे’ हे दोन प्रकारे म्हटलं जातं आणि त्यातला एकच प्रकार स्वीकारण्यासारखा आहे. सगळं नॉर्मल आलं म्हणून कंटाळून दिलेलं उत्तर असेल तर दुसरं मत घ्या. नीट अंग तपासून, ‘हा पाय तुम्ही ठरवून दाबता तेव्हा जोर येत नाही, पण दुसरा पाय उचलताना त्याच पायात आपोआप पूर्ण जोर येतो’ असं दाखवून दिलं असेल, तर ते फंक्शनल न्यूरॉलॉजिकल डिसऑर्डरचं निदान आहे. या खुणेला हूव्हरची खूण म्हणतात. नस आणि स्नायू शाबूत, पण मेंदूकडून हालचालीचा हुकूम नीट पोचत नाही, असा हा खरा आजार आहे. या प्रकारात मुरलेल्या फिजिओथेरपिस्टकडून अनेकांना फरक पडतो.

चिंता स्वतःही शरीराला कामाला लावते. भरभर श्वास घेतल्याने बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, हात कापतात, पाय लटपटतात. खरा आजार आणि चिंता दोन्ही एकाच वेळी असू शकतात, एकाने दुसरं खोटं ठरत नाही. झोप उडाली असेल, कामात लक्ष लागत नसेल तर निदान होण्याआधीच त्यासाठी मदत घ्या.

तोपर्यंत व्यायाम करू की पूर्ण विश्रांती घेऊ?

पूर्ण अंथरूण धरलं तर निरोगी स्नायूही झपाट्याने उतरतात, मग मूळ आजाराचा अशक्तपणा किती आणि पडून राहिल्याचा किती हेच कळत नाही. दुसरीकडे, ‘ताकद कमावतो’ म्हणून वजनं उचलणं निदानाआधी नको. सपाटीवर चालणं, सांधे मोकळे राहतील इतपत हालचाल ठीक. दुसऱ्या दिवशीही दुखणं किंवा गळाठा राहिला तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजा. मायस्थेनियाचा संशय असेल किंवा स्नायूंचा दाह जोरात असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

आणि पडू नका. ओल्या न्हाणीघरात आधाराला दांडी, पायात मागे पट्टा असलेली चप्पल, रात्री दिवा. कमी वाटेल, पण मोडलेलं हाड निदानाचा सगळा कार्यक्रम पुढे ढकलतं. ब्रेकवर पाय नीट बसत नसेल तर गाडी चालवणं आजच थांबवा.

स्टिरॉइड घेऊन बघू का? एकाला त्याने खूप फरक पडला.

स्वतःहून मुळीच नाही. बायोप्सीआधी (म्हणजे स्नायूचा छोटा तुकडा काढून तपासण्याआधी) स्टिरॉइड सुरू झालं तर दाहाच्या खुणा पुसट होऊ शकतात आणि निदान अवघड होतं. मायस्थेनियात सुरुवातीला ताकद आणखी घटू शकते. चालू असलेलं स्टिरॉइड अचानक बंद करणं तितकंच धोक्याचं. स्टॅटिनचा संशय आला तरी गोळी परस्पर थांबवू नका, विचारा. मायस्थेनियाची शक्यता असताना दुसऱ्या कशासाठी अँटिबायोटिक लिहून देत असतील तर ती शक्यता बोलून दाखवा. सिप्रोफ्लॉक्सॅसिन, अझिथ्रोमायसिन, जेंटामायसिन यांसारख्या औषधांनी तो त्रास वाढू शकतो.

घरच्यांना काय सांगू? निम्मे म्हणतात काही नाही, निम्मे रडतात.

जेवढं माहीत आहे तेवढंच. ‘ताकद कमी झालीय, कारण शोधतायत, पुढची तपासणी अमुक तारखेला आहे.’ रोज ‘आज कसंय?’ ऐकून जीव मेटाकुटीला येतो. एकाच माणसाला सगळं सांगायचं आणि बाकीच्यांनी त्यालाच विचारायचं, असं ठरवून टाका. काम नेमकं मागा. ‘मदत कर’ म्हटलं की माणूस गोंधळतो, ‘शनिवारी तपासणीला सोबत ये आणि डॉक्टर बोलतील ते लिहून घे’ म्हटलं की येतो. सोबत कोणी असणं खरंच गरजेचं आहे, कारण घाबरलेल्या माणसाला पहिल्या कठीण शब्दानंतरचं काही ऐकू येत नाही.

जनुकीय तपासणीत ‘व्हीयूएस’ आलं. म्हणजे आजार सापडला?

नाही. व्हीयूएस म्हणजे ‘व्हेरियंट ऑफ अनसर्टन सिग्निफिकन्स’. जनुकात बदल दिसलाय, पण तो त्रासदायक आहे की नुसता वेगळेपणा, हे आज सांगता येत नाही, इतकाच त्याचा अर्थ. आई-वडिलांची तपासणी करून कधी उलगडा होतो. या एका शब्दावर लग्न, मूल, नोकरी यांचे निर्णय घेऊ नका; जेनेटिक कौन्सेलरशी बोला.

आणि कारण सापडलंच नाही तर?

असं होतं. तेव्हा डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा : कोणते आजार नक्की नाहीत, बिघाड मेंदू, मज्जारज्जू, नस, नस आणि स्नायूचा जोड की स्नायू यांपैकी कुठे असावा असं त्यांना वाटतं, आणि परत कधी तपासायचं. नाव नसतानाही फिजिओथेरपी, पावलाला आधार देणारा पट्टा, श्वासाची आणि हृदयाची अधूनमधून तपासणी, हे सगळं चालू ठेवता येतं. जनुकीय माहिती जपून ठेवा. वर्ष-दोन वर्षांनी तीच माहिती नव्याने तपासून उत्तर मिळालेली माणसं आहेत, कारण आजार घडवणाऱ्या जनुकांची यादी वाढत असते.

दरम्यान एखादं ऑपरेशन ठरलं तर?

भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगा की स्नायूंचा अशक्तपणा आहे आणि निदान व्हायचंय, मग ऑपरेशन कितीही किरकोळ असो. काही स्नायूंच्या आजारांत सक्सिनिलकोलिनसारखी औषधं आणि भुलेचे काही वायू टाळावे लागतात, तर मायस्थेनियात स्नायू सैल करणाऱ्या औषधांची मात्रा बदलावी लागते. घरात कोणाला भुलेचा गंभीर त्रास झाला असेल तर तेही सांगा, आणि फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.